मानेचे टाके: कोणता धागा, किती दिवसांसाठी

“डॉक्टर, टाके विरघळणारे आहेत ना?” शस्त्रक्रिया कोणतीही असो, हा प्रश्न ठरलेला. अपेंडिक्स काढलं असेल तर हो किंवा नाही म्हणून भागतं. नेक लिफ्टमध्ये, म्हणजे सैल पडलेली मान वर ओढून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, एकाच माणसाच्या मानेत तीन-चार जातींचे धागे असू शकतात. त्यातले काही आठवड्याभरात काढले जातात, काही सहा-सात महिन्यांत आतल्या आत नाहीसे होतात, आणि एखादा जन्मभर तिथेच राहतो.

जितका धागा मजबूत तितकी मान घट्ट, असा एक समज आहे. प्रत्यक्षात आजचे बहुतेक धागे मानेतल्या स्नायूपेक्षा आणि चरबीपेक्षा कितीतरी चिवट असतात. ताण जास्त झाला तर आधी फाटतो तो स्नायू, धागा शाबूत राहतो. त्यामुळे सर्जनपुढचा खरा प्रश्न असतो तो मुदतीचा: या थराला स्वतःच्या बळावर उभं राहायला किती दिवस लागतील, आणि तोवर कोण धरून ठेवील?

ओढतात ते नेमकं काय

हनुवटीखाली आधी कातडी, मग चरबी, आणि तिच्याखाली प्लॅटिझ्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू. छातीच्या वरच्या भागातून तो निघतो, मानेवरून चढत जातो आणि जबड्याच्या कडेपाशी चेहऱ्यात मिसळतो. दातओठ खाऊन मान ताणली की आरशात दोन उभ्या दोऱ्या दिसतात, त्या याच स्नायूच्या पुढच्या कडा. वय वाढतं तशा या कडा एकमेकींपासून सुटतात, स्नायू खाली लोंबतो, चरबी पुढे येते, आणि हनुवटी कुठे संपते व मान कुठे सुरू होते ते कळेनासं होतं.

तरुण मानेची मोजमापं एलेनबोजेन आणि कार्लिन या सर्जनांनी १९८० साली मांडली. हनुवटीखालची रेषा आणि मानेची रेषा यांच्यातला कोन १०५ ते १२० अंशांचा असावा, जबड्याची कड स्पष्ट दिसावी, कंठमण्याचा उंचवटा जाणवावा, असे त्यांचे निकष. आजही शस्त्रक्रियेआधीचे फोटो काढताना बाजूने हाच कोन पाहिला जातो.

पूर्वी कातडी सोडवून, ओढून, जास्तीची कापून टाकत आणि शिवत. कातडी लवचीक असते, ती पुन्हा ताणली जाते. काही महिन्यांत मान सैल, आणि कानाभोवतीचा व्रण मात्र रुंद. स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी १९७० च्या दशकात कातडीखालचा थर तिच्यासकट उचलायला सुरुवात केली. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी यांनी चेहऱ्यातल्या त्या थराची शरीररचना नीट वर्णन केली. तेव्हापासून नियम असा, की भार आतल्या थराने घ्यायचा आणि कातडी त्यावर अलगद टेकवायची. धाग्यांची सगळी वाटणी या एका नियमातून निघते.

चिरा साधारण दोन ठिकाणी असतात. एक हनुवटीखालच्या घडीजवळ, दोन-तीन बोटं रुंदीची. दुसरी कानाच्या पाळीखालून वळून कानामागे आणि केसांत जाणारी, दोन्ही बाजूंना. सगळ्यांनाच दोन्ही लागतात असं नाही.

ताकदीची मुदत वेगळी, विरघळण्याची वेगळी

पाकिटावर छापलेल्या माहितीत दोन आकडे असतात आणि लोक नेमका चुकीचा धरून बसतात. धागा शरीरातून पूर्ण नाहीसा व्हायला लागणारा काळ हा एक. धागा प्रत्यक्ष धरून ठेवण्याच्या लायकीचा किती दिवस राहतो, हा दुसरा, आणि तो बराच लहान असतो.

व्हिक्रिल हे नाव आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचं. तो पूर्ण जिरायला ५६ ते ७० दिवस लागतात. पण दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांनी ५० आणि चौथ्या आठवड्यात २५. त्यानंतर तो आत असतो, पण कामाचा नसतो. मोनोक्रिल आणखी अल्पजीवी: न रंगवलेला धागा पहिल्या आठवड्यातच निम्म्यावर येतो आणि तीन आठवड्यांत त्याची ताकद संपते, जरी शरीरातून जायला त्याला तीन-चार महिने लागतात. पीडीएस म्हणजे पॉलिडायॉक्झॅनोन हा धिम्या चालीचा. ३-० किंवा त्याहून जाड धागा सहा आठवड्यांनंतरही सुमारे ६० टक्के ताकद राखून असतो, आणि पूर्ण जायला सहा महिन्यांहून जास्त घेतो. तोच पीडीएस ४-० किंवा बारीक घेतला तर सहा आठवड्यांनी ३५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. नाव तेच, जाडी बदलली की मुदतही बदलली.

आता जखमेचा हिशेब. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांतून दिसलं आहे की जुळवलेल्या जखमेत पहिल्या आठवड्यात मूळ ताकदीचा दहावा हिस्साही नसतो. तीन आठवड्यांनी ती २० टक्क्यांच्या जवळ येते, तीन महिन्यांनी ८० च्या आसपास, आणि तिथेच थांबते. शंभर ती कधीच होत नाही. हे आकडे व्हिक्रिलच्या आकड्यांशेजारी ठेवले की अडचण दिसते. धागा निम्म्यावर येतो तेव्हा जखम अजून पंचमांशावर असते. ताण नसलेल्या थरात हे चालून जातं. मान दिवसभर वळते, गिळताना हलते, बोलताना हलते. जिथे खरोखर ओढ आहे, तिथे इतक्या लवकर हात सोडणारा धागा जोखमीचा.

विरघळण्याची रीतही दोन प्रकारची. जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या कॅटगटला शरीरातली पाचकद्रव्यं खातात, त्यामुळे त्याच्याभोवती सूज जास्त येते आणि तो किती दिवस टिकेल ते माणसागणिक बदलतं. कृत्रिम धागे पाण्याच्या रेणूंनी हळूहळू तुटतात. ही क्रिया शांत असते आणि तिचा अंदाज बांधता येतो.

एकतंतू की विणलेला

नायलॉन, प्रोलिन, पीडीएस, मोनोक्रिल हे एकाच सलग तंतूचे. रेशीम, व्हिक्रिल, एथिबॉन्ड हे बारीक तंतू विणून केलेले. विणलेला धागा हातात मऊ लागतो, गाठ चटकन बसते आणि बसलेली राहते. एकतंतू धागा गुळगुळीत, पेशींमधून सरकन जातो. पण पाकिटातली वळणं त्याच्या अंगात राहतात आणि गाठ सुटू पाहते, म्हणून तिला जास्त फेरे द्यावे लागतात.

शिवणाऱ्याला विणलेला धागा आवडतो, जंतूंनाही आवडतो. विणीच्या फटींत ते शिरतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे सहज पोचता येत नाही. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर एक प्रयोग केला. नुसते स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले तर पू व्हायला काही दशलक्ष लागत होते. तिथे रेशमाचा टाका असला की काही शे जंतू पुरले. सर्जरीच्या पुस्तकांत हा प्रयोग अजून सांगतात. मान हा रक्तपुरवठ्याने समृद्ध भाग, तिथे जंतुसंसर्ग एरवी कमीच होतो. तरी कायमचाही आणि विणलेलाही असा धागा आत ठेवताना सर्जन दोनदा विचार करतो, तो यामुळे.

शून्यांचं गणित

३-० म्हणजे तीन शून्यं; जितकी शून्यं जास्त तितका धागा बारीक. ३-० हा ढोबळमानाने मिलिमीटरचा पाचवा भाग जाड, ५-० दहाव्या भागापासून पुढे, ६-० त्याहूनही कमी. मानेच्या आतल्या थरांना २-० ते ४-०, कातडीखाली ४-० किंवा ५-०, वर ५-० किंवा ६-०, असा साधारण क्रम. सुईचंही थोडं असंच: स्नायू आणि चरबीसाठी गोल अंगाची, जी पेशी कापत नाही तर बाजूला सारते, कातडी चिवट म्हणून तिच्यासाठी धारेची.

हनुवटीखालची मधली शिवण

सगळ्यांत जास्त मतभेद इथे आहेत.

प्लॅटिझ्माच्या सुटलेल्या दोन कडा मध्यरेषेवर आणून जोडायच्या, हे काम. अमेरिकी सर्जन जोएल फेल्डमन यांनी १९९० साली कॉर्सेट प्लॅटिझ्माप्लास्टी या नावाने एक पद्धत मांडली. हनुवटीपासून खाली मानेपर्यंत सलग टाका घालत जायचं, परत वर यायचं, आणि अशा थरांनी स्नायूला कंबर आणायची. सुट्या टाक्यांनी दोन कडा जोडणारेही अनेक आहेत. सलग टाक्यात ओढ सगळीकडे सारखी वाटली जाते, पण एका जागी धागा तुटला किंवा सुटला तर सगळी ओळ ढिली पडते. सुट्या टाक्यांत एक गेला तरी बाकीचे तग धरतात, पण गाठी वाढतात.

धागा कोणता? एक गट म्हणतो पीडीएस. त्यांचा तर्क असा: स्नायूच्या कडा ताज्या करून समोरासमोर आणल्या तर सहा-आठ आठवड्यांत त्या एकमेकींना धरतात, मग धाग्याचं काम संपलं. पुढे जन्मभर परकी वस्तू कशाला बाळगायची? दुसरा गट प्रोलिन, नायलॉन किंवा एथिबॉन्ड वापरतो. त्यांचं म्हणणं, प्लॅटिझ्मा हा सतत हलणारा स्नायू, त्याच्या कडांमध्ये तयार होणारा व्रण विरळ असतो, आणि दोऱ्या पुन्हा दिसू लागल्या की रुग्ण तक्रार घेऊन येतो.

दोन्ही बाजूंना चांगले सर्जन आहेत. निकालातला फरक धाग्यापेक्षा हाताचा असावा, असं मला वाटतं. तरी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात ना, तसा बारीक आणि जास्त ताणलेला धागा मऊ स्नायू कापत जातो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत टाका हळूहळू सरकत असतो. स्नायूची नुसती कड धरली तर हे हमखास होतं. कडेपासून थोडं आत, स्नायूसोबत त्याचं आवरणही घेऊन, भरपूर पेशी टाक्यात आल्या तर ताण वाटला जातो. कायमचा धागा वापरूनही मान ढिली पडली, असं ऐकू आलं तर कारण बहुधा हे असतं. कायम राहिला तो धागा, स्नायू त्यातून निसटला. मग न विरघळणारा धागा म्हणजे कायमचा निकाल, ही हमी कशी द्यायची?

दुसरी गोष्ट रंगाची आणि गाठीची. हनुवटीखालची चरबी काढून टाकल्यावर तिथली कातडी फार पातळ उरते. निळा प्रोलिन किंवा जांभळा पीडीएस गोऱ्या, पातळ कातडीतून रेघेसारखा दिसू शकतो. हे दोन्ही धागे बिनरंगी मिळतात आणि इथे तेच घ्यावेत. गाठ बोटाला लागते, दाढी करताना वस्तऱ्याला अडते, कधी कातडीला टोचत राहते. प्रोलिनच्या गाठीला फेरे जास्त, म्हणजे तिचा गोळाही मोठा. म्हणून ती स्नायूच्या खालच्या बाजूला पुरतात आणि धाग्याची टोकं अगदी आखूड कापतात. बारीक अंगाच्या, चरबी जवळजवळ नसलेल्या माणसात पीडीएसच्या बाजूने माझं मत पडेल, ते एवढ्याचसाठी. गाठ त्रास देईल, पण सहा-सात महिन्यांनी जाईल.

कानामागचा आधार

मधली शिवण पुढून आवळते. बाजूची ओढ कानाकडे जाते. प्लॅटिझ्माची मागची कड वर-मागे ओढून एखाद्या घट्ट पडद्याला बांधायची असते. कानामागच्या हाडाच्या उंचवट्यावर असा मजबूत पडदा आहे. कानाच्या पाळीच्या अगदी पुढेही एक चिवट पट्टा आहे, ज्याला लोरे यांचं नाव आहे, आणि फ्रेंच सर्जन फोग्ली यांनी तिथे प्लॅटिझ्मा बांधायची पद्धत रूढ केली.

इथे ओढ जास्त आणि वर कातडी-चरबीचं आवरणही थोडं बरं, त्यामुळे २-० किंवा ३-० चा धागा चालतो आणि गाठ सहसा लपते. कायमचा धागा वापरायची सगळ्यांत रास्त जागा हीच. जाड पीडीएसवर भागवणारेही पुष्कळ आहेत. १९९५ साली जामपापा आणि डी बर्नार्डो यांनी यापुढची पायरी सुचवली: हनुवटीखाली एकमेकांत अडकवलेले दोन कायमचे धागे जबड्याच्या कडेखालून नेऊन दोन्ही कानांमागे बांधायचे, म्हणजे मानेच्या कोनात एक आडवा आधार तयार होतो. तो धागा जन्मभर भार पेलतो असं धरलं आहे, म्हणून तो विरघळणारा असून चालत नाही. फार आवळला तर मात्र गिळताना गळ्याशी दोर आल्यासारखं वाटतं.

धागा कोणताही असो, सुई कुठे जाते ते इथे जास्त महत्त्वाचं. कानाच्या छिद्रापासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर खाली, मानेच्या तिरक्या स्नायूवरून कानाकडे जाणारी मोठी संवेदन-नस ओलांडते. या शस्त्रक्रियांत सगळ्यांत जास्त वेळा दुखावते ती हीच. टाक्यात ती सापडली तर पाळी बधिर होते किंवा दुखत राहते. जबड्याच्या कडेने जाणारी, खालचा ओठ हलवणारी नसही जवळच असते.

वरची कातडी

आत नीट बांधलं असेल तर कातडीला काम उरत नाही. हनुवटीखाली आणि कानापुढे ५-० किंवा ६-० नायलॉन किंवा प्रोलिन, पाच ते सात दिवसांत काढायचा. कानामागे व केसांलगत थोडे जास्त दिवस, सात ते दहा. केसांत काही जण धातूच्या पिना मारतात, त्या पटकन लागतात आणि केसांच्या मुळांना धाग्याइतका त्रास देत नाहीत.

लवकर काढण्यामागे कारण आहे. टाक्याच्या भोकातून कातडीच्या पेशी धाग्यालगत आत उतरू लागतात. आठवड्यापुढे टाका राहिला की ती वाट पक्की होते आणि व्रणाच्या दोन्ही बाजूंना रुळांसारख्या आडव्या खुणा राहतात. सुट्टी नाही म्हणून टाके काढायला चार दिवस उशिरा येणाऱ्याला या खुणांची किंमत मोजावी लागते. प्रोलिनला इथे एक फायदा आहे: सूज आली की तो थोडा ताणतो, कातडीत रुतत नाही. सूज उतरल्यावर मात्र तो ढिलाच राहतो.

टाके काढायला परत येणं शक्य नसेल तर लवकर झडणारे धागे आहेत. उष्णता देऊन कमजोर केलेला कॅटगट पाच-सात दिवसांत ताकद सोडतो. व्हिक्रिल रॅपिड पाचव्या दिवशी निम्म्यावर येतो. पोटावर किंवा मांडीवर घालतात तसा कातडीच्या आत लपवलेला सलग मोनोक्रिलही घालता येतो.

आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीसाठी एक वेगळा मुद्दा आहे. परदेशी पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडे व्रण उंचावण्याचा, काळा पडण्याचा कल जास्त, आणि कानामागची जागा त्यासाठी आधीच बदनाम. सूज वाढवणारा प्रत्येक धागा हा कल वाढवतो, त्यामुळे वरच्या थरात रेशीम आणि साधा कॅटगट टाळलेला बरा. अंगावर आधी केलॉइड, म्हणजे उंचावून वाढत जाणारा व्रण, आलं असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.

रक्त साकळू नये म्हणून घातलेली जाळी

नेक लिफ्टनंतरची सगळ्यांत नेहमीची गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साठणं. बहुतेक वेळा ते पहिल्या २४ तासांत होतं, पुरुषांत जास्त, आणि रक्तदाब उसळला की धोका आणखी वाढतो. ब्राझीलच्या आउअर्सवाल्ड बंधूंनी २०१४ साली ४०५ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. कातडी आणि तिच्याखालचा थर एकत्र शिवणारे सलग टाके ते मानेभर घालतात, त्यामुळे रक्त साठायला पोकळीच उरत नाही. या जाळीला नायलॉन किंवा प्रोलिनसारखा एकतंतू धागा लागतो, कारण तो दोन दिवसांनी ओढून काढायचा असतो. विणलेला धागा पेशींना चिकटून खरचटत निघाला असता.

पहिल्यांदा पाहणाऱ्या नातेवाइकाला धक्का बसतो. सगळी मान टाक्यांनी भरलेली! दोन दिवसांत काढल्यामुळे गोऱ्या कातडीवर खुणा सहसा राहत नाहीत. गडद कातडीवर ठिपक्यांचा काळसरपणा काही काळ राहू शकतो, तेव्हा ही पद्धत सरसकट वापरण्याआधी रुग्णाशी बोलणं जरूर.

काटेरी धागे

धाग्याच्या अंगावर बारीक काटे कापलेले असतात. पेशींत ते रुततात, धागा मागे सरकत नाही, गाठीची गरजच पडत नाही. अशा धाग्याचं पेटंट अमेरिकेत १९६० च्या दशकातलं; क्विल या धाग्याला तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी २००४ साली मिळाली. प्लॅटिझ्माच्या मधल्या शिवणीत तो वापरतात: वेळ वाचतो, ताण जागोजागी वाटला जातो, टोचणाऱ्या गाठी नाहीत. किंमत जास्त, आणि धागा एकदा घातला की मागे घेऊन दुरुस्ती करता येत नाही.

ब्यूटी क्लिनिकच्या जाहिरातींतली थ्रेड लिफ्ट ही वेगळी गोष्ट. सुलामानिद्झे या जॉर्जियन सर्जननी १९९० च्या दशकाच्या अखेरीस काटेरी प्रोलिनचे आप्टोस धागे आणले. आज बहुतेक ठिकाणी पीडीओचे, म्हणजे पीडीएसच्याच रसायनाचे धागे सुईने कातडीखाली घालतात. त्यात स्नायू शिवला जात नाही, जास्तीची कातडी काढली जात नाही. थोड्या सैलपणाला, थोड्या महिन्यांसाठी, ठीक. लोंबणारी मान त्याने वर येईल असं कोणी सांगत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं.

रेशीम, आतडं आणि कात

सुश्रुतसंहितेत टाक्यांसाठी बारीक सूत, अळशी आणि तागाचे धागे, झाडाची साल, कंडरांचे तंतू, केस अशी यादी आहे, आणि कुठे कसा टाका घालावा तेही. एकोणिसाव्या शतकात लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात बुडवलेलं कॅटगट रूढ केलं. १९७० च्या सुमारास पहिला कृत्रिम विरघळणारा धागा डेक्सॉन आला, १९७४ साली व्हिक्रिल, १९८० च्या दशकात पीडीएस, आणि कॅटगट मागे पडलं.

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातली आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया मात्र टाक्यांविनाच झाली. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं गेलं, आणि त्याचं वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. कातडीची कड खाचेत बसवून वर ओल्या काताच्या पट्ट्या लावल्या होत्या.

कॅटगट मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून करतात. युरोपात मॅड काउ रोगाच्या भीतीने ते या शतकाच्या सुरुवातीला मागे घेण्यात आलं. भारतात ते मिळतं. शाकाहारी कुटुंबांना, जैन रुग्णांना आणि इतरही अनेकांना हे कळायला हवं. पर्यायी धागे आहेत, त्यामुळे आधी सांगितलं तर सर्जनला ते बदलणं अवघड नाही. रेशीमही प्राणिज. न विरघळणारं म्हणून त्याची गणना होते, पण वर्षभरात त्याची बहुतेक ताकद गेलेली असते.

आधी काय विचारावं, नंतर काय दिसेल

“विरघळणारे का?” याऐवजी थरागणिक विचारावं. मधल्या स्नायूला कोणता, कानामागे कोणता, वर कोणता. त्यातला कायमचा कोणता. कायमचा असेल तर तो एकतंतू की विणलेला, रंगीत की बिनरंगी. डिस्चार्ज कार्डवर ही नावं लिहून घ्यावीत. पाच वर्षांनी मानेत गाठ लागली आणि दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, तर हा कागद उपयोगी पडतो.

सिगारेट ओढणाऱ्याच्या कानामागची कातडी कोणताही धागा वाचवू शकत नाही. तिथला रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो आणि निकोटीन तो आणखी आवळतं. काही आठवडे आधीपासून तंबाखू पूर्ण बंद. मिसरी आणि गुटखासुद्धा, कारण निकोटीन त्यातही आहेच.

महिना-दोन महिन्यांनी चिरेवर एखादी पुटकुळी येते, फुटते आणि तिच्यातून पांढरं धाग्याचं टोक डोकावतं. विरघळायच्या बेतात असलेला आतला टाका शरीराने बाहेर ढकललेला असतो. व्हिक्रिलच्या बाबतीत हे जास्त दिसतं. डॉक्टर चिमट्याने तो उचलून कापतात आणि जागा आठवड्यात भरते. घरी ओढू नये. हाच प्रकार वर्षा-दोन वर्षांनी झाला तर समजावं की कायमचा धागा बाहेर येऊ पाहतोय. तो पूर्ण काढल्याशिवाय स्राव थांबत नाही, नुसत्या अँटिबायोटिकने तर नाहीच. तोवर स्नायू जुळलेला असतो, त्यामुळे धागा काढला म्हणून मान लगेच सैल पडत नाही.

पहिल्या रात्री मात्र मानेची एक बाजू दुसरीपेक्षा झपाट्याने फुगू लागली, घट्ट झाली, दुखू लागली किंवा श्वासाला जड वाटलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. साठलेलं रक्त मोकळं करायला टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात. ड्यूटीवरचे डॉक्टर ते करू लागले तर नातेवाइकांनी मोठ्या डॉक्टरांना आधी बोलवा म्हणून अडवू नये.